ओटीवरचे तीन मीटर

माझ्या पिशवीत रक्तदाबाचं मशीन असतं, हाताची पकड मोजायचं एक यंत्र असतं आणि शिवणकामाची टेप असते. टेप दीडशे सेंटिमीटरची. ओटीवर ती दोनदा लावायची, दोन टोकांना खडूने रेघा मारायच्या, की तीन मीटर झाले. घरातली हातांची खुर्ची एका रेघेवर मांडायची आणि आजोबांना सांगायचं, "उठा, त्या रेघेपर्यंत रोजच्यासारखं चालत जा, वळा, परत या आणि बसा." मोबाइलवर वेळ मी लावते. बारा सेकंदांच्या आत माणूस परत टेकला तर बरं. बारा किंवा त्याहून जास्त लागले, तर पुढे पडण्याचा धोका आहे असं धरायचं. पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी 1991 साली मांडलेल्या या चाचणीला ना सुई लागते ना लॅब. ओटीवर जमलेल्या शेजाऱ्यांना तर ती शर्यतच वाटते. "आमच्या अप्पांचे दहा झाले, तुमचे किती?" असं चालतं.

सेकंद मी लिहून घेते, पण बघते दुसरंच. उठताना खुर्चीच्या हातांवर भार टाकला का? वळताना एका झोक्यात वळले की पाच-सहा बारीक पावलं टाकत? बसताना टेकले की धपकन पडले? आणि मध्येच मी मुद्दाम विचारते, "काय आजोबा, आंबा कसा होता यंदा?" कोणी चालता चालता उत्तर देतो, कोणी उभा राहतो आणि मग बोलतो. बोलण्यासाठी ज्यांना थांबावं लागतं ते पुढे जास्त पडतात, असं स्वीडनमधल्या एका अभ्यासात 1997 साली दिसलं होतं. मला ते आमच्या ओट्यांवरही दिसतं.

मी फिजिओथेरपिस्ट. चिपळूणला राहते आणि स्कूटरवरून आसपासच्या गावांत, गुहागरच्या बाजूला, घरी जाऊन रुग्ण बघते. गावात मला "व्यायामाची बाई" म्हणतात. मला बोलावणं बहुतेक वेळा उशिरा येतं. खुबा मोडलेला असतो, शस्त्रक्रिया झालेली असते, आणि माणूस खाटेवरून उठायला तयार नसतो. पण गेली काही वर्षं भाद्रपदात वेगळेच फोन येतात. गणपतीला मुंबईहून आलेला मुलगा म्हणतो, "आई-बाबांना एकदा तपासा आणि सांगा, अजून किती दिवस दोघं इथे राहू शकतील?" त्याला आजार विचारायचा नसतो. मधुमेहाच्या, बीपीच्या फाइली त्याच्याकडे असतात, गोळ्यांचे पैसेही तोच भरतो. त्याला पुढचं जाणून घ्यायचं असतं, आणि तेही परतीच्या गाडीच्या आत.

हे फोन आमच्याकडे यावेत यात नवल नाही. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका मोजल्या गेल्या, कारण कमावते पुरुष मुंबईला. आता सुना जातात, नातवंडंही जातात, आणि वाडीत उरतात ती पासष्टीपुढची माणसं. घरं त्यांच्या आजोबांनी बांधलेली. जांभ्याच्या पायऱ्या, ओटी, पडवी, माजघर, प्रत्येक ठिकाणी एक उंबरा. न्हाणी मागच्या दारी, संडास त्याच्याही पलीकडे. पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ धरतं आणि तरणा माणूससुद्धा जपून पाय टाकतो.

पुढचं सांगायचं तर कशावरून? आजारांच्या यादीवरून ते जमत नाही. सारखाच मधुमेह, सारखंच बीपी असलेल्या दोन आजींतली एक सुपारी सोलत बसलेली असते आणि दुसरीला कुशीवर वळवावं लागतं. काय झालंय यापेक्षा काय करता येतंय हे विचारलं तर पुढचं जास्त कळतं. ही दृष्टी ज्यांच्यामुळे रुळली त्यांतले एक सिडनी कॅट्झ. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात खुबा मोडलेल्या आणि इतर वृद्धांकडे बघून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1963 साली सहा कामांची यादी दिली: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर जाणं, लघवी-शौचावर ताबा, आणि आपल्या हाताने जेवणं. ही कामं माणसाच्या हातून साधारण याच क्रमाने सुटतात, असं त्यांना आढळलं. सगळ्यात आधी आंघोळ, सगळ्यात शेवटी जेवण. लहान मूल ज्या क्रमाने शिकतं, जवळपास त्याच्या उलटं.

हे कॉलेजात शिकले तेव्हा परीक्षेपुरतं होतं. त्याचा अर्थ मला आमच्या एका आशाताईंनी समजावला, कॅट्झचं नावही न ऐकलेल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, "मॅडम, वरच्या आळीतल्या आजी गाऊनवर आल्यात. जाऊन या एकदा." जन्मभर नऊवारी नेसलेली बाई आधी पाचवारीवर येते, मग सून किंवा मुलगी मुंबईहून दोन गाऊन आणते आणि "घरातल्या घरात काय होतंय" म्हणून ते अंगावर चढतात. कोणाला त्यात काही वाटत नाही. उलट बरं झालं, सुटसुटीत झालं, असंच सगळे म्हणतात. पण नेसण्यासाठी उभं राहणं, निऱ्या धरणं, मागे हात नेऊन काष्टा खोवणं हे सगळं होईनासं झालेलं असतं. त्या आजींकडे गेले तर कळलं की आंघोळ एक दिवसाआड झालीय, "थंडी वाजते म्हणून". महिना वैशाखाचा होता. पुरुषांत हेच धोतरावरून लुंगीवर आणि नाडीवरून इलॅस्टिकवर येण्यात दिसतं. आशाताई दोरीवर काय वाळतंय ते बघतात.

त्यांच्या सरकारी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी चार प्रश्न आहेत: उभं राहताना-चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा येईल असं अपंगत्व आहे का, खाणं-आंघोळ-कपडे अशा रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतं का. चारही प्रश्न चोख आहेत. अडचण उत्तरांची. कोकणातला म्हातारा तुम्हाला कधी सांगायचा नाही की मला मदत लागते. "माझं सगळं मी करतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की माझी नजर आपोआप मागच्या दाराकडे जाते. तिथे पदराला हात पुसत उभी असलेली बाई मान हलवत असते.

परदेशी प्रश्नावल्यांचे आमच्याकडे हालच होतात. लॉटन आणि ब्रॉडी यांची 1969 ची यादी आहे, जरा वरच्या पायरीच्या कामांची: फोन, बाजार, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैसे. मूळ यादीत पुरुषांचे गुण मोजताना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं वगळलेलं होतं. फिलाडेल्फियात काय आणि गुहागरात काय, पुरुष तेवढेच. आता "स्वयंपाक जमतो का" असं आजोबांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, पण ते आत्ता जमेनासं झालंय की जन्मात कधी केलेलंच नाही, हे कागदावर कळत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला घड्याळाचं चित्र काढायला सांगण्यातही अर्थ नसतो. हरियाणात बल्लभगडला ज्यांनी अडाणी वृद्धांसाठी प्रश्न तयार केले त्यांनी सणवार लक्षात राहतात का, निरोप नीट पोचवता येतो का, गावात वाट चुकते का, असे प्रश्न घातले होते. ते मला जास्त पटतात. मी विचारते, "गौरीच्या आदल्या दिवशी काय काय करायचं असतं, सांगा बघू." जिचं डोकं ठिकाणावर आहे ती मला सगळा क्रम सांगते आणि वर माझ्या चुकाही काढते.

आणि जमिनीवर बसणं. आमची मापं सगळी खुर्चीची, आणि आमची माणसं पाटावर जेवणारी. ब्राझीलचे डॉक्टर क्लाउदियो जील अराउजो यांनी मात्र हेच मोजलं. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, हात-गुडघा टेकला की गुण कापायचे, एकूण गुण दहा. 51 ते 80 वयाच्या दोन हजारांवर लोकांना त्यांनी बसवलं-उठवलं आणि काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. फार कमी गुण मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. तो अभ्यास 2012 सालचा. मी खुर्चीची चाचणी झाली की विचारते, "जेवायला अजून खाली बसता का?" "गेल्या वर्षी लेकाने डायनिंग टेबल आणलं," असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न असतो, "आधी टेबल आलं की आधी गुडघे गेले?"

हे सगळं पाठ असलं तरी माझं काम खऱ्या अर्थाने मला एका गुरुजींच्या घरी उमगलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय एक्याऐंशी. थोरला मुलगा ठाण्याला, धाकटा पुण्याला, मुलगी देवरुखला दिलेली. गौरी-गणपतीचे दिवस होते. थोरल्याने बोलावलं होतं "बाबांसाठी". जेवणं झाल्यावर ओटीवर टेप लागली. गुरुजींनी अकरा सेकंदांत फेरी पुरी केली आणि "अजून एकदा करू का?" म्हणून विचारलं. पकड सव्वीस किलो. आशियाई मापांप्रमाणे पुरुषाची अठ्ठावीसच्या खाली गेली तर ती कमी समजतात, म्हणजे थोडी कमीच. तीन शब्द सांगितले होते ते तिन्ही आठवले. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवली, आकडे फळ्यावर लिहावेत तसे सरळ. आंघोळ स्वतःची स्वतः, कपडे स्वतःचे स्वतः. कॅट्झच्या यादीत सहापैकी सहा. मुलांचे चेहरे खुलले.

मग दुसऱ्या यादीला हात घातला. गोळ्या कोण काढून देतं? "ही देते." वाण्याकडे यादी? "ही फोन करते." बँकेत? "हिला सगळं माहीत असतं, मी सही करतो." आंघोळ स्वतःची असली तरी पाणी कोण काढतं? गुरुजी हसले. काकू माजघराच्या दारात उभ्या होत्या, हातात मोदकांचं रिकामं ताट.

म्हटलं, "काकू, तुमचंही बघूया."

"माझं कशाला गो? मला काय धाड भरलीय?"

त्या खाली बसल्या होत्या तेव्हा मी पाहिलं होतं. उठताना दोन्ही हात भिंतीला, मग गुडघ्याला, मग कमरेला. तीन मीटरला त्यांना सोळा सेकंद लागले. खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठायला सांगितलं तर तिसऱ्या खेपेला थांबल्या आणि "पुरे गो बाई" म्हणाल्या. पकड मात्र एकवीस किलो. बाईमाणसाची अठराच्या खाली असेल तर कमी, ह्यांची चांगली. विहिरीचं पाणी ओढलेल्या बायकांत हे मला नेहमी दिसतं, हात शाबूत आणि मांड्या गेलेल्या. आडवं करून रक्तदाब घेतला, वरचा 138. उभं करून तीन मिनिटांनी घेतला, 112. वीस किंवा त्याहून जास्त उतरला की सावध व्हायचं असतं, इथे सव्वीस. विचारलं, "उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते?" म्हणाल्या, "ती तर वर्षभर येते. भिंत धरते क्षणभर, जाते." बांगड्या मनगटावरून घसरून कोपराशी जात होत्या. झोपेची गोळी बहीण गेल्यापासून चालू होती, ती मुलांना ठाऊकच नव्हती. जेवण सगळ्यांचं आटोपल्यावर, उरलेलं. वय चौऱ्याहत्तर.

मुलांना मी अंगणात बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजींना मदत पुढे लागणार नाहीये, ती आत्ताच लागतेय. काकू करतात म्हणून ती दिसत नाही. आणि वर्षभरात पडण्याचा संभव दोघांत काकूंचा जास्त आहे. त्या पडल्या तर दोघांचंही बघावं लागेल, एकाच दिवशी."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग थोरला म्हणाला, "म्हणजे बाबा ठीक आहेत ना?"

मला राग आला नाही. सगळी घरं अशीच ऐकतात. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर जी मोठी पाहणी केली, 2017-18 च्या पहिल्या फेरीत बहात्तर हजारांवर माणसं घेतली, तिच्यात साठीपुढच्या साधारण चौघांतल्या एकाला आंघोळ-कपड्यांसारख्या रोजच्या कामांपैकी निदान एकात अडचण होती. बाजार-पैसा-औषधं अशा वरच्या कामांत जवळपास निम्म्यांना. आकडा ज्याला अडचण आहे त्याचा. त्याच्यासाठी जी उठते तिचा आकडा मी शोधते ते माझ्या कागदावर, आणि गुरुजींच्या घरापासून मी जोडप्यातल्या एकाला तपासतच नाही. दोघांना, किंवा कोणालाच नाही. काही मुलांना ही दुप्पट फी काढायची युक्ती वाटते. वाटू दे.

त्या रात्री आरतीनंतर त्या घरात बरीच वादावादी झाली म्हणे. थोरला म्हणत होता, दोघांना ठाण्याला नेतो. धाकटा म्हणत होता, पैसे मी देतो, बाई ठेवा. सुना गप्प. शेवटी देवरुखची मुलगी बोलली, की आई इथे असेल तर मी आठवड्यातून एक दिवस येईन, ठाण्याला नेलंत तर माझा हिशेब सोडा. त्यावर गाडी अडली आणि तिथूनच पुढे सरकली. खालच्या वाडीतली एक बाई सकाळची ठेवली. न्हाणीत आणि मागच्या पायऱ्यांना स्टीलचे दांडे लावून घेतले. गावातल्या फॅब्रिकेटरने ते आधी जिन्याच्या उंचीचे केले होते, मी काकूंना उभं करून कमरेपाशी खूण मारून दिली. कमोडची खुर्ची आणली, ती काकूंनी पडवीत उलटी घालून तिच्यावर पोती ठेवली. डॉक्टरांनी बीपीची एक गोळी कमी केली आणि झोपेची हळूहळू सोडवली. मी फक्त तीन गोष्टी सांगितल्या: ओटीवरच्या बाकड्यावरून सकाळ-संध्याकाळ दहा वेळा उठायचं, जेवायला गुरुजींबरोबरच बसायचं, आणि कुळथाची पिठी पाण्यासारखी न करता घट्ट करून वाटीभर खायची. रोजचं दूध होतंच. शिमग्याला टेप लावली तर काकूंचे तेरा सेकंद. त्यांनाच पटेना. "तुझ्या मोबाइलचं काहीतरी बिनसलंय," म्हणाल्या.

म्हणून मी म्हणते की या मापांचं भाकीत चांगलं ठरतं ते खोटं पाडण्यासाठीच वापरलं तर. गुडघ्यांची झीज मी मागे नेऊ शकत नाही, पण मांडीची ताकद चौऱ्याहत्तराव्या वर्षीही वाढते. मोतीबिंदू निघाला की चाल सुधारते. एक नको असलेली गोळी सुटली की अंधारी जाते. माणसं समजतात की आता घसरणच, आणि कागदावरचा आकडा त्यांना त्या समजुतीची पावती वाटतो.

त्याच पावतीचा दुसरा एक प्रकार मी पाहिलाय. डोंगरालगतच्या वाडीत एक आजी एकट्या राहायच्या. कोंबड्या, दोन फणस, परसातली भाजी. चाचणीत चौदा सेकंद. कागदावर मी स्पष्ट लिहिलं होतं, चालणं थांबवू नये, पायऱ्यांना कठडा करावा, संध्याकाळी शेजारणीने हाक मारावी. मुलाने वाचलं ते "पडण्याचा धोका जास्त" एवढंच. अनंतचतुर्दशीनंतर घराला कुलूप आणि आजी डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे त्यांची काळजी नीट घेतली गेली, यात शंका नाही. इतकी की पाण्याचा तांब्याही हातात दिला जायचा. लिफ्टची भीती, खाली रिक्षांची गर्दी, म्हणून बाहेर पडणं नाही. वर्षाने शिमग्याला आल्या त्या वॉकर घेऊन, मुलाचा हात धरून. मुलगा मला म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तसंच झालं बघा. वेळेवर नेलं म्हणून बरं." त्याला काय सांगणार? त्याच्या आईला एकटीला डोंगराकडेला ठेवायची धास्ती रोज मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने सोसणारा तो होता. पण ते घर, त्या पायऱ्या, त्या कोंबड्या हाच तिचा व्यायाम होता, हे मी आजही म्हणेन.

जपानमध्ये एप्रिल 2000 पासून वृद्धांच्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे, चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. मदतीसाठी अर्ज केला की घरी माणूस येतो, 74 मुद्दे तपासतो, आणि त्यावरून संगणक अंदाज काढतो की या व्यक्तीला दिवसाला किती मिनिटांची शुश्रूषा लागेल. मग समिती बसते आणि सात पायऱ्यांपैकी एक ठरवते. अजून मदत लागत नाही पण लवकरच लागेल अशांना हेरायला 25 हो-नाही प्रश्नांची वेगळी यादी आहे. तिथे तपासणीनंतर नगरपालिकेची यंत्रणा हलते. आमच्याकडे तपासणीनंतर फॅमिली ग्रुपवर मेसेज जातो. पण मिनिटांची कल्पना मी उचलली. "बाई ठेवा", "लक्ष द्या" असं बोलण्यापेक्षा घरच्यांना मिनिटं लिहायला लावते. आंघोळ घालायला पंचवीस मिनिटं, रात्री उठवायला दोनदा पंधरा, भरवायला तीन वेळा वीस. बेरीज झाली की भांडण जरा शहाणपणाचं होतं. आणि शेजारच्या रकान्यात नाव लिहायला लावते, कोण करणार. सगळ्यात जास्त वेळ त्या रकान्याला लागतो. एका घरी तिथे "देव" असं लिहिलेलं आढळलं. मी ते खोडलं नाही, पण त्याच्या पुढे "आणि?" लिहून कागद परत दिला.

गुरुजींच्या घरात पुढच्या श्रावणात वेगळंच घडलं. काकू पडल्या नाहीत. गुरुजींना पहाटे पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. माझ्या कागदात पक्षाघात कुठेच नव्हता, आणि नसतोच. हळूहळू कमी होत जाणारी ताकद सेकंदांत दिसते, एका रात्रीत तुटणारी गोष्ट दिसत नाही. रुग्णालयातून ते घरी आले तेव्हा पडवीतल्या कमोडच्या खुर्चीवरची पोती निघाली. न्हाणीतले दांडे काकूंसाठी लावलेले होते, ते गुरुजींच्या डाव्या हाताला आले. सकाळची बाई घरातली झालेली होती, तिला कोणती चादर कुठे असते ते माहीत होतं. आणि काकू बाकड्यावरून उठायची सवय झालेल्या, त्यामुळे खाटेशी उभ्या राहू शकत होत्या. वर्षापूर्वीच्या सोळा सेकंदांच्या काकूंना ते झेपलं असतं असं मला वाटत नाही.

मिनिटं लिहिली तेव्हा बेरीज दिवसाला चार तासांच्या वर गेली. त्यांतला मोठा भाग बाईकडे, आठवड्याचा एक दिवस देवरुखच्या मुलीकडे, रात्र काकूंकडे. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, त्यासाठी काकूंनी गजराऐवजी रेडिओ धरलाय. धाकट्याने पैसे देणं सोडलेलं नाही. थोरला दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतो आणि दाढी तोच करतो, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. गुरुजी डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवतात, "र" अजून उलटा येतो. गेल्या खेपेला मला त्यांनी खुणेने विचारलं, तीन मीटर कधी? म्हटलं, आधी तीन पावलं.

आता अडचण मे महिन्याची आहे. सकाळच्या बाईच्या लेकीचं बाळंतपण आहे, ती दीड-दोन महिने येणार नाही. बदली बाई वाडीत मिळत नाही, काजू-आंब्याच्या हंगामात सगळ्यांना बागेत जास्त मजुरी मिळते. ठाण्याची सून रजा टाकून येते म्हणालीय. तिची कंबर गेल्या वर्षापासून धरते, म्हणजे गुरुजींना उचलायला लावलं तर आठवड्यात तीही आडवी. तेव्हा ती आली की पहिल्या दिवशी तिची तपासणी, आणि मग खाटेवरून खुर्चीत घेताना न उचलता कसं सरकवायचं ते तिला शिकवायचं. कधी येणार, ते कोकण रेल्वेचं तिकीट कन्फर्म झाल्यावर कळेल.